‘रामायण’ची चांगली प्रत कशी ओळखायची आणि कशी जपायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पंच्याहत्तरीला रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका पूर्ण आणि उत्तम दर्जात द्यायची आहे, जमलं तर बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’ही. घरात ‘रामायण’च्या डीव्हीडींचा जुना संच आहे, त्यातल्या दोन डिस्क मध्येच अडकतात. माळ्यावर वडिलांनी त्या काळी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेल्या सात कॅसेट सापडल्या आहेत. आणि इंटरनेटवर याच मालिकेच्या ‘फोर-के’ प्रती दिसतात. यातलं काय धरायचं, काय सोडायचं?

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं जुन्या टेप डिजिटल करून देतो. लग्नाच्या कॅसेट, कीर्तनं, नाटकांची चित्रणं आणि अशा मालिकांची घरगुती रेकॉर्डिंग, सगळं हातून गेलंय. या मालिकेवर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ‘फोर-के’चं बघू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर लागलं. तेव्हाचं आपलं प्रसारण पाल पद्धतीचं. एकूण ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ रेषांत चित्र. सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. डिजिटलमध्ये हे चित्र ७२० बाय ५७६ च्या मापात पूर्णपणे मावतं. मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाली होती. चित्रपटाची निगेटिव्ह असती तर ती आजच्या स्कॅनरवर नव्याने स्कॅन करून जास्त तपशील काढता आला असता. टेपवर मात्र जेवढं उमटलं तेवढंच आहे. त्यावर कुणी ३८४० बाय २१६० चा, म्हणजे ‘फोर-के’चा, शिक्का मारला, तर वाढलेले ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

हा अंदाज कुठे चुकतो ते एका चेहऱ्यावरून सांगतो. मंथरेच्या भूमिकेत ललिता पवार आहेत. १९४२ साली एका चित्रीकरणात इजा झाली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा बारीक राहिला. तोच डोळा घेऊन त्यांनी पुढे किती भूमिका गाजवल्या हे आपल्याला माहीत आहे. मंथरा कैकेयीच्या कानाला लागते त्या प्रसंगात त्या डोळ्याचा अभिनय आहे. मी पाहिलेल्या एका ‘सुधारित’ प्रतीत सॉफ्टवेअरने तो डोळा उजव्या डोळ्यासारखा करून टाकला होता. त्वचेवरच्या सुरकुत्या पुसलेल्या, चेहरा मेणाचा. काही चौकटींत डोळा मोठा, पुढच्या चौकटीत पुन्हा बारीक. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीचा चेहरा यंत्राने असा बदललेला पाहून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुठलीही प्रत तपासताना मी आधी मंथरेचा प्रसंग लावतो.

दुसरी तपासणी मुकुटांची. मूळ चित्र चारास तीन मापाचं आहे. आजचा टीव्ही सोळास नऊ. पडदा भरून दिसावा म्हणून अनेक प्रतींत वरखाली कात्री चालवलेली असते आणि त्यात उंचीचा बरोबर पाव भाग जातो, म्हणजे ५७६ पैकी १४४ रेषा. आता या मालिकेत प्रत्येक राजाच्या डोक्यावर उंच मुकुट, आणि कॅमेरा तो मुकुट धरून लावलेला. दशरथाच्या दरबारात बाळ धुरींचा मुकुट कपाळाशीच कापलेला दिसला, कौसल्या झालेल्या जयश्री गडकर यांचे जोडलेले हात चौकटीबाहेर गेलेले दिसले, की ती प्रत बाजूला ठेवा. कापायच्या ऐवजी काही जण चित्र आडवं ताणतात. ते ओळखायला रथाचं चाक बघा. चाक गोल दिसलं पाहिजे. अंड्यासारखं दिसलं तर माप बिघडलेलं आहे. ‘महाभारत’मध्ये हेच काम सुदर्शन चक्र करतं.

तिसरी तपासणी अक्षरांची. श्रेयनामावलीवर चित्र थांबवा आणि नावं वाचा. खऱ्या जुन्या प्रतीत अक्षरं जराशी पसरट, मऊ दिसतील, पण वाचता येतील. यंत्राने वाढवलेल्या प्रतीत कडा धारदार असतात, पण अक्षरांची मोडतोड झालेली असते. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं यांवर ही सॉफ्टवेअर हमखास अडखळतात.

मग चांगली प्रत म्हणजे कोणती? आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘पिढी’. संकलन होऊन तयार झालेली मूळ टेप ही पहिली पिढी. तिच्यावरून प्रसारणासाठी किंवा विक्रीसाठी काढलेली टेप दुसरी, तिच्यावरून घरगुती कॅसेट तिसरी. अॅनालॉग टेपमध्ये प्रत्येक पिढीला चित्र थोडं मळतं, लाल रंग कडेबाहेर सांडतो, आवाजात खरखर वाढते. डिजिटल फाइल जशीच्या तशी नकलली तर काहीच बिघडत नाही, पण ती पुन्हा दाबून लहान केली की तिथेही एक पिढी वाढते. इंटरनेटवरच्या बहुतेक फाइली कुणीतरी डीव्हीडीवरून काढलेल्या, दुसऱ्याने लहान केलेल्या, तिसऱ्याने मोठ्या करून चढवलेल्या असतात. म्हणून प्रत हातात घेताना मी एकच विचारतो, ही मूळ टेपपासून किती पिढ्या लांब आहे? आपल्यासारख्या घरगुती संग्राहकाला मूळ टेपच्या सगळ्यात जवळ नेणारी वस्तू म्हणजे अधिकृतपणे विकलेली, कारखान्यात छापलेली डीव्हीडी. ती तुमच्या घरात आहे. तुम्ही खजिना शोधताय आणि तो तुमच्याच कपाटात आहे.

मात्र तो संच पालमध्ये आहे का हे आधी बघा. भारतात विकलेल्या कितीतरी डीव्हीडी अमेरिकेतल्या ग्राहकांचा विचार करून एनटीएससी या तिकडच्या प्रसारण पद्धतीत काढलेल्या होत्या. संगणकावर डिस्कवरची फाइल ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. उंची ५७६ आणि वेग २५ दिसला तर उत्तम. उंची ४८० आणि वेग २९.९७ दिसला तर ती रूपांतरित प्रत आहे. त्यात रेषांचा सहावा भाग गेलेला असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ५० फील्डची सुमारे ६० करताना शेजारची चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. बाण सुटला की त्याच्या मागेपुढे भुतासारख्या छटा दिसतात त्या यामुळे. या मालिकेत बाणांना काय तोटा! ही भेसळ काही प्रमाणात काढणारी साधनं आहेत, पण निकाल कधीच पूर्ण स्वच्छ येत नाही. तुमचा संच असा निघाला तर पालमधला जुना संच विकत मिळतो का ते पाहणं जास्त शहाणपणाचं.

अडकणाऱ्या दोन डिस्कबद्दल. आधी मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून पुसू नका. मग वेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो हे मी शेकडो वेळा पाहिलंय, म्हणून माझ्या टेबलावर वेगवेगळ्या बनावटीचे तीन ड्राइव्ह असतात. तरीही अडली तर ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम वापरा. तो वाचता येणारा सगळा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर पुन्हा पुन्हा तिथे जातो. तीच नोंद वापरून दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालवता येतं. टूथपेस्ट घासण्याचे उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका.

डिस्कवरून भाग काढताना ‘मेकएमकेव्ही’सारख्या प्रोग्रॅमने मूळ चित्र आणि आवाज जसाच्या तसा, न दाबता, एमकेव्ही फाइलमध्ये उतरवा. ३५ मिनिटांच्या भागाला साधारण सव्वा ते दीड जीबी लागेल, म्हणजे ७८ भाग १२० जीबीच्या आत मावतील. आज ही जागा किरकोळ आहे, तेव्हा लहान करण्याच्या मोहात पडू नका. आवाजाचे दोन ट्रॅक असतील, एक साधा आणि एक पाच स्पीकरांसाठी नव्याने बनवलेला, तर दोन्ही ठेवा. रवींद्र जैन यांच्या चौपाया मला साध्या ट्रॅकवरच ऐकायला आवडतात. नव्या ट्रॅकमध्ये त्यांच्या आवाजामागे नको तितकी घुमार घातलेली असते.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा चित्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतं, म्हणजे १९८७ चे भाग २०४७ संपेपर्यंत संरक्षित आहेत. खासगी वापरासाठी कायद्यात सवलत आहे. डिस्कला प्रत काढू न देणारं तांत्रिक कुलूप असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं गुन्हा ठरवलं आहे. विकत घेतलेल्या डिस्कची घरच्यांसाठी प्रत काढणं वेगळं आणि ती पेनड्राइव्हवर घालून नातेवाइकांत, सोसायटीत वाटणं वेगळं. दुसरं करू नका. टॉरेंटवरून उतरवायच्याही भानगडीत पडू नका. तिथे हक्काचा प्रश्न आहेच, आणि पिढी किती मागची हे कधीच कळत नाही.

आता फील्डचं, कारण इथे चांगले जाणकारही चुकतात. डीव्हीडीवरचं चित्र दोन अर्ध्या चित्रांच्या रेषा एकमेकींत विणून बनलेलं असतं. संगणकावर पाहताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात आणि लोकांना वाटतं प्रत खराब आहे. ती खराब नाही, ती मूळ अवस्थेत आहे. जपायची फाइल तशीच राहू द्या. पाहण्यासाठी वेगळी प्रत बनवा आणि त्यात २५ चौकटी न ठेवता प्रत्येक फील्डची एक पूर्ण चौकट करून ५० ठेवा. फाइलचं रूप बदलणाऱ्या ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅममध्ये याला ‘बॉब’ म्हणतात. वेळ आणि हौस असेल तर याच कामाचं ‘क्यूटीजीएमसी’ हे साधन शिका, त्याचा निकाल फार सुंदर येतो. २५ केल्या की हालचाल अडखळते आणि रविवारी सकाळी टीव्हीवर दिसायची ती सलग, जिवंत हालचाल हरवते. वडिलांना कारण सांगता येणार नाही, पण फरक नक्की जाणवेल.

ही पाहण्याची प्रत एच.२६४ या फाइल दाबण्याच्या पद्धतीत करा, दर्जाचा आकडा (‘हँडब्रेक’मध्ये ‘आरएफ’) १८ च्या आसपास. भागाला ५०० ते ९०० एमबी होतील. पेनड्राइव्ह फॅट-३२ चा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा भाग सुटेच ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ‘मूळ’ किंवा चारास तीन करा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा.

‘महाभारत’चे ९४ भाग आहेत, २ ऑक्टोबर १९८८ पासूनचे, आणि एक भाग साधारण ४५ मिनिटांचा. त्याच्या प्रती तपासायला सुरुवातच पुरेशी आहे. हरीश भिमानी यांचा ‘समय’ बोलतो तेव्हा मागे काळोखं अवकाश असतं. प्रत जास्त दाबलेली असेल तर त्या काळोखात चौकोनी ठिगळं आणि पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसतात. तिथे काळोख सलग असेल तर पुढची कुरुक्षेत्रावरची धूळही बरी दिसेल. नितीश भारद्वाज यांच्या कृष्णाचा पीतांबर रंगासाठी बघा. तो भगव्याकडे झुकलेला किंवा भडक लिंबासारखा असेल तर कुणीतरी रंग वाढवलेत.

व्हीसीडी मिळाल्या तर त्या डीव्हीडीला पर्याय समजू नका. तिथलं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे चौथाईच. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेल्या प्रतीही लोकांकडे आहेत. कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह आणि कमी डेटा यामुळे त्या शेवटचा आधार म्हणूनच ठीक. नुसतं पाहायचं असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, ते दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठीच ओळखलं जातं. पण तिथलं काही आपल्या हातात राहत नाही, आणि तुम्हाला जपायचं आहे.

संच पूर्ण आहे की नाही हे डिस्कच्या खोक्यावरच्या आकड्यावर सोडू नका. मुळात ५२ भागांची ठरलेली ही मालिका वाढत ७८ वर थांबली. त्यानंतर लोकांच्या आग्रहाने ‘उत्तर रामायण’ म्हणजे लव-कुशाची कथा १९८८-८९ मध्ये स्वतंत्र आली. काही संच दोन्हींना सलग क्रमांक देतात, काही दोन भाग जोडून एक करतात, काही सुरुवातीचं शीर्षकगीत फक्त पहिल्या भागाला ठेवून बाकीचं छाटतात. रामानंद सागर स्वतः समोर येऊन बोलतात ते तुकडे तर हमखास गाळलेले असतात. मी एक तक्ता ठेवतो, त्यात क्रमांक, कथेचा प्रसंग, नेमकी लांबी आणि सुरुवात-शेवट शाबूत आहे का याची नोंद. शेजारच्या भागांपेक्षा तीन-चार मिनिटं लहान असलेला भाग दिसला की तिथे कात्री लागल्याचा संशय घ्या. फाइलच्या नावात क्रमांक तीन आकडी घाला, म्हणजे भाग १० हा भाग २ च्या आधी येऊन बसणार नाही.

आता कॅसेट. चित्राच्या दर्जात त्या डीव्हीडीच्या जवळपासही येणार नाहीत, व्हीएचएस म्हणजे या घरगुती कॅसेटचा तपशील जेमतेम २४० रेषांचा. पण मला विचाराल तर तुमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट त्याच आहेत. डीव्हीडीवर मालिका आहे, कॅसेटवर तो रविवार आहे. भागाआधीची निवेदिका, घड्याळ, जाहिराती, कधी ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, आणि जाहिरात लागली की वडिलांनी दाबलेलं पॉजचं बटण. अधिकृत प्रतींत यातलं काहीच नसतं. ज्या घरांनी जाहिराती न गाळता रेकॉर्ड केलं, त्यांच्याकडचा ठेवा दुसरीकडे मिळणं कठीण.

माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. २००३ साली एका कुटुंबाच्या अशाच नऊ कॅसेट मी व्हीसीडीवर उतरवून दिल्या. तेव्हा तीच पद्धत होती. जाहिराती मीच कापल्या, कारण ‘स्वच्छ’ काम हवं होतं. त्यांनी नंतर कॅसेट भंगारात दिल्या. आज ते पुन्हा आले तर माझ्याकडे त्यांना द्यायला चौथाई चित्राच्या अर्धवट प्रतीशिवाय काही नाही. तेव्हापासून प्रत्येकाला लिहून देतो, काम झालं तरी कॅसेट टाकू नका.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून टेपच्या रिळाकडे उजेडात बघा. पांढरी जाळी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, ती फार होते. अशी टेप चालवू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते, चित्र जातं आणि तीच पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणत्या माणसाकडे द्या. निरोगी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्या, मगच चालवा. स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर पट्ट्या टाळा. त्या चौकटी गाळतात, मग तासाभराने ओठ आणि आवाज जुळत नाहीत. एस-व्हिडिओ आउटपुटचा चांगला व्हीसीआर, मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपवरून येणाऱ्या चित्राची डळमळ सावरणारं यंत्र) आणि न दाबता पकडणारं कार्ड अशी जोडणी हवी. फाइल एफएफव्ही-१ या तपशील न गमावणाऱ्या पद्धतीत ठेवली तर तासाला २५ ते ३५ जीबी लागतात. तुमच्या सात कॅसेट तीन-तीन तासांच्या असतील तर सातशे जीबीच्या आसपास धरा. लेबलांचे फोटोही काढा, त्यावरचं अक्षर वडिलांचं असेल.

साठवणीचं थोडक्यात. दोन हार्ड डिस्क घरात, तिसरी दुसऱ्या गावी भावाकडे वगैरे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा तपासणीचा आकडा) काढून ठेवा आणि दर दिवाळीला पडताळा. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीवर भिस्त नको.

कॅसेटवरच्या भागांना तारखा लावताना एक अडचण येईल. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ मध्ये ८० रविवार येतात आणि भाग ७८ आहेत, त्यामुळे क्रमांकावरून तारीख मोजली तर पुढे कुठेतरी घसरते. म्हणून डीव्हीडीची स्वच्छ प्रत वाढदिवसाला द्या आणि कॅसेट त्यानंतर वडिलांना शेजारी बसवून उतरवा. त्या वेळी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत राहा. कोणत्या रविवारी वीज गेली होती, कोणता भाग शेजाऱ्यांकडून मागून घेतला होता, जाहिरात लागताच बटण कोण दाबायचं, हे फक्त त्यांनाच आठवत असेल. ती ध्वनिफीत त्या त्या कॅसेटच्या फाइलबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवा.